सोपं गणित

आठवीत कुठलं गणित घ्यायचं, त्या फॉर्मवर बाईंनी लेकीच्या नावापुढे वळणदार अक्षरात 'सोपं' लिहून पाठवलं. म्हणजे पुढे सायन्स नाही, इंजिनिअरिंग नाही. बाराव्या वर्षीच सगळे दरवाजे बंद. मी शिवणयंत्र थांबवलं, ट्रंक उपसली आणि गळ्यातल्या टेपसकट शाळेत धडकले.

"बाई, पोरीला गणितात ब्याण्णव मार्क आहेत!"

"मार्कांचं काय घेऊन बसलात? अवघड गणित म्हणजे खायचं काम नाही. घरी अभ्यास घेणारं कोणीतरी लागतं. तुम्हाला येतं का ते?"

"नाही येत."

"मग उगाच पोरीचे हाल कशाला? करा सही."

माझं डोकंच फिरलं. पिशवीतून घडीवर फाटलेला एक जुना फॉर्म काढला आणि त्यांच्या टेबलावर आपटला. त्यावर तोच शेरा होता, त्याच वळणदार अक्षरात: 'घरी अभ्यास घेणारं कोणी नाही. सोपं गणित द्यावं.'

"हा माझा आहे, बाई. माझ्या आठवीचा. खाली सही तुमचीच आहे. मला ते गणित का येत नाही, हे आता माझ्या पोरीला तुम्हीच सांगा."