नाव न घातलेल्या नळ्या

श्रीलक्ष्मीनं श्रीशैलशी लग्नाचं नाव काढलं की अप्पांचं एकच पालुपद, “धनगराचं रक्त आपल्या घरात नको.” आणि हेच अप्पा आळंदच्या कॉलेजात डीएनए शिकवायचे! श्रीलक्ष्मीला घरात बसवेना. तिनं सरळ त्यांची प्रयोगशाळा गाठली. स्वतःच्या आणि श्रीशैलच्या थुंकीत मीठ-साबण कालवून वरून गार स्पिरिट सोडलं. दोन्ही नळ्यांत डीएनएचे पांढरे धागे तरंगले.

“ह्यातला धनगर कुठला, दाखवा की अप्पा. न्हाई ओळखला तर लग्न लावून द्यायचं.”

अप्पांनी नळ्या उजेडात धरल्या, पुन्हा पुन्हा फिरवल्या. मग चिडले.

“नाव न घातलेल्या नळीचं काय करायचं असतं, शिकवलोय न्हाई तुला?” म्हणत त्यांनी दोन्ही नळ्या बेसिनमध्ये ओतून दिल्या.

त्यातली एक पोटच्या पोरीची होती.