ऑरिनचं सातवं मिश्रण

"माणसाने आजवर जे काही थोर केलंय, ते एकट्याने, स्वतःच्या हाताने आणि हट्टाने केलंय," असं ऑरिन हटनने भरल्या दुकानात जाहीर केलं आणि बरणीचं झाकण फिरवलं. झाकण हललं नाही. त्याने बरणी दोन्ही गुडघ्यांत धरून पाहिली. शेवटी दुकानाची मालकीण डॉटी गल्ल्यामागून उठून आली, झाकणाच्या कडेवर चमच्याने दोन टिचक्या मारल्या आणि उघडी बरणी त्याच्या हातात दिली. थोर काम पुढे सुरू झालं.

बरणीत पाइपात भरायच्या तंबाखूचं नवं मिश्रण होतं. ऑरिनचं सातवं. सहा वर्षं तो गॅरेजात हाच उद्योग करत होता. पानं मिसळायची, दोन फळ्यांमध्ये घालायची, वर ट्रकचा जॅक चढवून दाबायची आणि महिनोन्महिने वाट पाहायची. गेल्या हिवाळ्यात लेक्सिंग्टनच्या रस्त्यावर त्याचा टायर बसला, तेव्हा जॅक तंबाखूवर होता. तो बर्फातून चार मैल चालत घरी आला, जॅककडे एक नजर टाकली, आणि शेजाऱ्याचा जॅक मागून आणला. पानं भाजायला ओव्हन देणं मात्र बायकोने, व्हर्नाने, तिसऱ्या मिश्रणानंतर बंद केलं होतं. त्या साली नाताळची टर्की पाहुण्यांनी नुसती हुंगून परत ठेवली होती.

डॉटीच्या मागच्या फळीवर बावीस काचेच्या बरण्या होत्या. प्रत्येकीत गावातल्याच कुणीतरी जमवलेलं मिश्रण, आणि चिठ्ठीवर त्याचं आडनाव. तेविसावी जागा रिकामी होती. तिथे बरणी जायची तर कर्नल प्रूइट यांची मान हलावी लागे. कर्नल सैन्यातले नव्हते. आमच्या केंटकीत गव्हर्नर हा किताब मानाने देतात. कर्नलसाहेबांच्या हातात बंदूक कुणी पाहिलेली नव्हती. पण एक्याऐंशी वर्षांची त्यांची जीभ सगळा तालुका मानत असे.

या जिभेने ऑरिनला सहा वेळा परत पाठवलं होतं. पहिल्या मिश्रणाला कर्नल म्हणाले, जीभ पोळते. दुसऱ्याला म्हणाले, जीभ पोळते. सहाव्याच्या वेळी काहीच म्हणाले नाहीत, फक्त बर्फ मागवला. आज निघताना ऑरिनने व्हर्नाला शब्द दिला होता, की आज नाही जमलं तर जॅक कायमचा ट्रकमध्ये. व्हर्नाने देवाची प्रार्थना केली. कोणत्या बाजूने केली, ते तिने सांगितलं नाही.

कर्नलनी तीन चिमटीत पाइप भरला. पहिल्या काडीने वरचा थर नुसता करपवायचा आणि तो फुगून वर आला की दट्ट्याने दाबायचा, खरा पेटवायचा तो दुसऱ्या काडीने, हा रिवाज. त्यांनी थर सावकाश करपवला आणि दाबला. मग पाइप दातांत धरून विचारलं, की यात घातलंयस तरी काय?

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ऑरिन सहा वर्षं थांबला होता. चुलतभावाच्या कोठारात वाळलेल्या बर्ली तंबाखूपासून त्याने सुरुवात केली. व्हर्जिनियाची पिवळी पानं किती, लुइझियानाची काळी चिमूट कधी, दाब किती, उन्हाळे किती. पाव तास झाला तरी तो दुसऱ्या उन्हाळ्यातच होता.

"ऑरिन," कोपऱ्यात बसलेल्या नेहमीच्या म्हाताऱ्यांतला मर्व्ह टॅकेट म्हणाला, "आम्हाला ती पानं ओढायचीत. त्यांच्यात मुलगी द्यायची नाहीये."

ऑरिनने बाकीचे उन्हाळे सोडून दिले. एव्हाना बाकीच्या चार म्हाताऱ्यांनी आपापले नेहमीचे पाइप इतके रंगवले होते, की भिंतीवरचं घड्याळ दिसेनासं झालं होतं. कर्नलनी डोळे मिटले आणि संथपणे ओढू लागले. ऑरिन त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढीना. एरवी तिसऱ्या झुरक्याला त्यांची भुवई चढायची आणि चौथ्याला हात पाण्याच्या पेल्याकडे जायचा. आज भुवई जागची हलली नाही. पेला भरलेलाच राहिला. दहा मिनिटं गेली. कुणी खोकलंही नाही.

मग कर्नलनी पाइप तोंडातून काढला आणि आजारी लेकराचं कपाळ पाहावं तसा तळव्यात धरून पाहिला.

"थंड," ते म्हणाले. "साठ वर्षं ओढतोय. इतका थंड पाइप उभ्या जन्मात ओढला नाही. जिभेला पत्तासुद्धा लागत नाही. डॉटी, याला बरणी दे."

मर्व्ह टॅकेटने टोपी काढली. ही टोपी त्याने स्वतःच्या लग्नातही काढली नव्हती. डॉटीने चिठ्ठीवर ठळक अक्षरांत 'हटन' लिहिलं, स्टुलावर चढली आणि तेविसाव्या जागी बरणी ठेवली. सगळ्यांनी ऑरिनचा हात हातात घेऊन हलवला. अशा वेळी म्हणायचं म्हणून त्याने सहा वर्षांपासून एक भाषण तयार ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य त्याला आठवेना. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला, आणि पुन्हा काढला.

कर्नलनी बोटाने त्याला जवळ बोलावलं. आणखी काही कौतुक असेल, चारचौघांत बोलण्यासारखं नसेल, म्हणून ऑरिन वाकला आणि कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"काडी आहे का रे एखादी?" कर्नल हळूच म्हणाले. "तू बोलत बसलास, त्यात हा पेटवायचा राहूनच गेला."