रंकाळ्यावर भर दुपारी

"तिकडं काय बघतोस? चकलीकडं बघ!" अक्का खेकसली.

बाळासोनं मान खाली घातली. समोर हौसा फराळाचं ताट घेऊन उभी होती. पोरगा परवाच पुण्याच्या कॉलेजातून दिवाळीच्या सुट्टीला आलेला. सहा महिन्यांनी ही दोघं समोरासमोर आली, आणि मध्ये फतकल मारून बसली अक्का. अक्का म्हणजे बाळासोची आत्या. मंगळवार पेठेतलं मांजरसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे.

हौसाचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. पोराचं शिक्षण पुरं होईपर्यंत दोघांनी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, असं बाळासोच्या अप्पांनी आणि हौसाच्या बापानं, केरबानं, मिळून ठरवलेलं. महाराजांच्या राज्यात पोरी शाळेत जायला लागल्या, रेल्वे आली, पण या दोन घरांत तोंडाला कुलूप. आता सांगा, दोन शब्द बोलल्यानं कुणाचं काय झिजतं?

हौसाला एकच गोष्ट विचारायची होती. तीही चिठ्ठीत नाही, तोंडावर. सुट्टी पंधरा दिवसांची. ती हुकली की उन्हाळ्यापर्यंत थांबा, आणि तोवर मास्तरणींच्या वर्गाचे प्रवेश संपलेले असणार.

भाऊबीजेला बाळासोनं खड्याला चिठ्ठी गुंडाळून केरबाच्या परसात टाकली. ती पडली नेमकी वैरणीत. म्हशीनं चिठ्ठी खाल्ली आणि खडा तेवढा केरबाच्या पायाशी थुंकला. केरबानं खडा बघितला, गल्ली बघितली आणि परसाचं दार लावून घेतलं.

"मुडदा बशिवला त्या म्हशीचा!" हौसा म्हणाली.

मग तिनं शेजारच्या चिमणाबाईला गाठलं. "त्यांना सांगा, शनिवारी रंकाळ्यावर धुणं न्यायचं हाय. भर दुपारी. चोरून न्हाय, उघड यायचं."

चिमणाबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "अगं बया! तुमी दोघं म्हंजे कमालच हाय की!"

शनिवारी निम्मी पेठ घाटावर धुणं बडवत होती. बाळासो इस्त्रीचा कोट आणि लाल पागोटं घालून सगळ्यांच्या मधून चालत आला. त्याचे कान पागोट्याहून लाल झाले होते. हौसानं हातातला पिळा खाली टाकला आणि ताठ उभी राहिली.

"मला मास्तरीण व्हायचंय. तुमचं काय म्हणणं हाय?"

पाठ करून आणलेलं सगळं बाळासो विसरला. "मला काय विचारतीस? व्हय की मास्तरीण!"

"लोकं नावं ठेवतील."

"ठेवू देत. तुझ्या शाळेच्या दारात मी टाळ्या वाजवत उभा ऱ्हाईन."

हौसा हसली. तोंडाला पदर न लावता, अगदी खळाळून. बाळासोही हसला. इतकं हलकं त्याला पुण्यात एकदाही वाटलं नव्हतं. घाटावरचं धुणं मात्र एकदम थांबलं.

सांजेला अप्पांच्या घरी, पुढच्या सोप्यात, दोन्ही घरं जमली.

"नाक कापलंस माझं!" अप्पा गरजले. "रंकाळ्यावर, अख्ख्या पेठेदेखत!"

"उद्यापासनं हिची शाळा बंद," केरबा म्हणाला.

बाळासो उभा राहिला. बापापुढं त्यानं आजवर आवाज चढवला नव्हता. "व्हय, बोललो. उद्या बी बोलणार. आणि तिची शाळा बंद केलीसा तर माझं कॉलेज बी बंद. पुण्याला पाऊल टाकत न्हाय!"

"त्यांच्यावर कशाला वरडतायसा?" डोक्यावरचा पदर सावरत हौसा म्हणाली. "आधी त्वांड मी उघडलं. मला कुणाची चोरी न्हाय."

अप्पांनी केरबाकडं बघितलं, केरबानं अप्पांकडं.

"जा बाई शाळेत," केरबा शेवटी पुटपुटला. "हो मास्तरीण. पर त्ये बोलणं तेवढं..."

"बोलणार!" दोघं एकदम म्हणाली.

अक्कानं कपाळावर हात मारला.

"ऐकलंसा? आरं, चार वर्सं झाली लगीन हून, म्हणून काय नवरा-बायकोनं चारचौघांत बोलायचं?"