म्हातारीची अट

"कॅमेरा माझ्यावर नको, वर धर," चेतन म्हणाला आणि सोफ्याच्या टोकाला सरकला.

नंदूने फोन छताकडे धरला. शुक्रवारची सकाळ होती. आखातातल्या अबू हमूरमध्ये, चेतनच्या व्हिलात एसी चांगला गारठवत होता. फोनवर डहाणूजवळच्या एका पाड्यावरून एजंट बोलत होता. तीन एकर जमीन, ओढ्याला लागून, एका वारली म्हातारीची. ऑफिसात जेवताना नंदूनेच मोठ्या कौतुकाने चेतनसाहेबाला त्या जमिनीचा फोटो दाखवला होता. कुठून दुर्बुद्धी झाली, असं तेव्हापासून तो स्वतःला शंभरदा म्हणाला होता.

पलीकडे टेबलावर चेतनची ईरा शाळेचा प्रोजेक्ट करत बसली होती. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी, आणि बाहेरून येऊन त्यांच्या जमिनी बळकावणारे गोरे.

"बाबा, इज धिस लीगल?" तिने मान वर न करता विचारलं. "दे ऑल्सो हॅड पेपर्स."

"तू तुझं बघ गं. कागद नीट असले की खलास!"

कंपनीचं काम संपत आलं होतं. कोणाला ठेवायचं, कोणाला घरी पाठवायचं, ती यादी चेतनच करणार होता. त्यामुळे नंदूला या व्यवहाराला नाही म्हणता आलं नव्हतं. आता म्हातारीनेच नाही म्हणावं, एवढीच त्याची आशा होती. आपलं नाव तिला सांगू नका, अशी गळही त्याने एजंटला घातली होती.

"सर, आजही ऐकत नाही हो ती," एजंट वैतागून म्हणाला. "बाहेरच्याला देणार नाही म्हणते."

नंदूला हायसं वाटलं. नको देऊस, तो मनात म्हणाला. हाकलून दे त्याला.

तेवढ्यात म्हातारीचाच आवाज आला. "घेणाऱ्याचं तोंड दाव आधी. तोंड बघितल्याबिगर आंगठा नाय!"

"यल्ला नंदू, चल," चेतन कुजबुजला. "आदिवासीची जमीन माझ्या नावावर होत नाही, सातबारावर नाव तुझंच लागणार आहे. दाखव तोंड."

नंदूने फोनवर हात धरला. "नको ना सर. दुसरी जमीन बघू. पाया पडतो तुमच्या."

"अरे, आदिवासी असल्याचा दाखला आहे ना तुझ्याकडे? मग घाबरतोस कशाला?" चेतनने त्याचा हात बाजूला केला आणि फोन त्याच्या तोंडासमोर धरला.

म्हातारीने डोळे बारीक केले. एजंटच्या हातातला फोन ओढून पार नाकाशी नेला. मग तिचं बोळकं पसरलं.

"अगो बाय! नंद्या? माझ्या भावाचा नंद्या? ह्याला तर मी ह्या हातांनी वाढवला!" ती एजंटवर खेकसली, "मुडद्या, आधी नाय सांगायचं? म्हंजे जमीन घरातच राहिली की! आण तो कागद," आणि तिने आपणहून अंगठा शाईत बुडवला.