पाचात करणारा पेंटर

घासाघीस करण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. मेहुण्याला शिकवूनच ठेवलंय. समोरच्या कारागिराने भाव सांगितला की मी डोकं खाजवायचं आणि मेहुण्याने मागच्या गोदामातून मला फोन लावायचा.

माझ्या सायकलच्या दुकानाची पाटी हाताने रंगवायची होती. पेंटर आला, माप घेतलं, "दहा हजार" म्हणाला. मी डोकं खाजवलं. फोन वाजला.

"काय सांगतोस? पाचात करशील? अरे, पण दुसरा पेंटर समोर बसलाय रे, त्याला कसं उठवू?" मेहुण्याचं खिदळणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून मी मुद्दाम मोठ्याने बोलत होतो.

पेंटरने मापाची टेप गुंडाळली. मग म्हणाला, "बरं, पाच द्या."

चार दिवस तो शिडीवर होता. पाटी अशी झाली, की येणारेजाणारे थांबून बघायला लागले. मेहुण्याने मला जोरदार टाळी दिली.

पैसे घेताना पेंटर म्हणाला, "शेठ, त्या फोनवाल्या पेंटरचा नंबर द्या ना."

"का रे, भांडतोस की काय?" मी डोळा मारला.

"छे हो. एवढ्या कामाचे पाच मागतोय, म्हणजे घरी फारच ओढाताण असणार त्याची. मला एका शाळेच्या भिंती मिळाल्यात. अर्ध्या त्याला देईन म्हणतो."

माझे कान तापले. मेहुणा हळूच गोदामात सटकला.

पेंटरने मोबाईल उघडला. "सांगा शेठ, नाव काय टाकू?"