गोल कडी

“इथल्या जुन्या दारांना दोन कड्या असतात. दांडा पुरुष पाहुण्याचा, गोल कडी बाईची. आवाजावरून घरातल्यांना कळतं, दार कुणी उघडायचं. चुकीची वाजवू नकोस हं!” पोट बिघडून यज्दच्या हॉटेलातच पडून राहिलेल्या नवऱ्यानं निघताना बजावलं होतं.

“इराणपर्यंत येऊन मी कुणाची दारं वाजवत फिरू?” वल्लरी हसली होती.

आणि आता मातीच्या भिंतींच्या अरुंद गल्लीत मांजरामागे पळालेली चार वर्षांची लेक रेवा दिसेनाशी झाली होती. हाका मारून वल्लरीचा घसा बसला. एका जाड, निळ्या दाराशी तिला रेवाची चप्पल दिसली. हाताला लागला तो दांडा तिनं धाडधाड आपटला.

आतून अडसर घातल्याचा आवाज आला.

मग तिची नजर गोल कडीवर गेली. तिनं ती वाजवली.

दार उघडलं. वाकलेली एक आजी, तिला बिलगलेली रेवा, दोघींची तोंडं डाळिंबानं लाल. दांड्याकडे बोट दाखवत आजीनं वल्लरीला फारसीत चांगलंच झापलं आणि हसत आत ओढलं. घरात दुसरं कुणीच नव्हतं. निघताना आजी हात सोडेना.

यज्दला जाणाऱ्या प्रत्येकाला वल्लरी आता गळ घालते, तशी तुम्हालाही घालतेय: “निळं दार शोधा. आजी बऱ्या आहेत ना, तेवढं बघून या. फक्त बाईमाणूस बरोबर न्या. दांडा वाजला, तर आजी दार उघडत नाहीत.”