वीटा

"सर, तुम्ही? बाहेर काय उभे राह्यले? आत या ना!"

कमळाबाईंनी दार पुरते उघडले, तेव्हा निलेशच्या ध्यानात आले की कडी वाजवण्याचा धीर होईना म्हणून आपण केव्हाचे त्या उंबऱ्याशी घुटमळत होतो. सिल्वासाच्या आमली भागातल्या त्या चाळीवर रविवारची दुपार पसरली होती. शेजारच्या खोलीत कोणाच्या तरी मोबाइलवर गुजराती भजन चालले होते. वाटभर घोकलेले वाक्य तेवढ्यात त्याच्या मनातून निसटून गेले.

"चंदा आहे का, मावशी?"

"येतेच आता. सोनीले गावच्या गाडीवर सोडायले गेली. बसा तुम्ही. उन्हातून आले, चेहरा पहा कसा उतरला!"

निलेश खुर्चीच्या कडेवर बसला. वर्गात विज्ञान शिकवताना त्याची वाणी वाहती असे. वर्गाबाहेर पडली की ती कोकणातल्या त्याच्या गावच्या ओढ्यासारखी आटून जाई. कमळाबाई मसाटच्या धाग्याच्या कंपनीत कामाला होत्या. शिरपूरकडून त्या आल्या, तेव्हा चंदा कडेवर होती. आता ती दहावीला, निलेशच्याच वर्गात. सोनी तिच्या बाकावरची.

"माझी पोरगी हरली, पण सोनी तर जिंकली," कमळाबाई म्हणाल्या. "तुमच्याच ना दोघी? मग झालं तर."

त्या साध्या बोलण्याने निलेशला अधिकच खोल कुठेतरी लागले.

गेल्या आठवड्यातला तो सभागृहातला क्षण त्याला झोपेतही सोडत नव्हता. एका संस्थेची विज्ञान स्पर्धा. पहिल्या येणाऱ्याला पुण्याच्या निवासी शाळेत अकरावी-बारावी, राहणे-जेवणे सगळे मोफत. शेवटच्या फेरीत चंदा आणि सोनी बरोबरीत आल्या. पडद्यावर उमटलेल्या चिन्हाचे नाव मोठ्याने घ्यायचे आणि मग त्याचा अर्थ सांगायचा. सोनीने अल्फाचे उत्तर बिनचूक दिले. चंदापुढे ग्रीक लिपीतले दुसरे अक्षर आले. तिने क्षणभर गुण मांडत बसलेल्या निलेशकडे पाहिले आणि स्पष्ट स्वरात म्हटले, "वीटा."

"काय, काय?" मुख्य परीक्षक मधुकर सर खुर्चीत पुढे सरकले. "विटा? घर बांधायला काढलंयस की काय?"

सभागृह हास्यात बुडाले.

"बीटा म्हणतात त्याला, बाळ. गुण नाही देता येणार. कोणाला काही म्हणायचंय?"

निलेशला म्हणायचे होते. ते अक्षर तिला त्यानेच शिकवले होते. एकदा तास संपल्यावर तो हौसेने म्हणाला होता, "आपला बीटा इंग्रजांच्या तोंडून आला. प्राचीन ग्रीक शिकवणारे पुष्कळ पंडित त्याला 'बेटा' म्हणतात, आणि ग्रीसमधली आजची माणसं जुने ग्रंथसुद्धा 'वीटा' असंच वाचतात. गणितातला आपला 'पाय' त्यांचा 'पी' होतो."

"बेटा!" मागून कोणीतरी हिंदीतून हाक मारली, आणि वर्ग खिदळला. चंदा तेवढी हसली नाही. "मग खरं कोणतं, सर?"

"सगळीच खरी," तो म्हणाला होता.

आणि सभागृहात, मधुकर सरांची नजर त्याच्यावरून फिरत असताना, त्याने पेनचे टोपण घट्ट बसवले होते. एवढेच. एका मुलीने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि तो शब्द त्याने उघड्यावर टाकून दिला.

दारात चपला वाजल्या. चंदा घामाने डबडबली होती. डोळे लाल होते.

"बस चंदा, मी दूध घेऊन येते," म्हणत कमळाबाई बाहेर पडल्या.

निलेश उभा राहिला. "चंदा, तू चुकली नव्हतीस. मला ठाऊक होतं. मी बोलायला हवं होतं आणि बोललो नाही." तो एक पाऊल पुढे आला. "उद्या मी मधुकर सरांना सगळं सांगणार आहे. निकाल फिरवावा लागेल त्यांना. ती जागा तुझी आहे."

चंदा झटकन पुढे झाली.

"नको, सर! पाया पडते तुमच्या."

"का?"

"सोनीच्या बाबांचं, गोकुळकाकांचं काम सुटलंय. सगळं घर गावाला परत चाललंय. तिथं तिला पुढे कोण शिकवणार? माझी आई इथंच आहे. मी सिल्वासातच अकरावी करीन."

"म्हणजे तू मुद्दाम...?" निलेशने विचारले.

"खोटं उत्तर द्यायला जीभ वळेना, सर. तुम्ही इतक्या मायेनं शिकवलेलं चुकवू कसं? मग वीटा आठवला. उत्तरही बरोबर, आणि गुणही जाणार." ती ओढणीने डोळे पुसत हसली. "सोनीला यातलं काही माहीत नाही. कळलं तर ती जायचीच नाही."

निलेशच्या छातीवरची शिळा जणू कोणी अलगद उचलली. आपल्या हातून त्या मुलीचे काहीच हिरावले गेले नव्हते. इतक्या दिवसांनी प्रथमच त्याच्या ओठांवर हसू उमटले.

"वेडी आहेस. आणि मी उभा राहून सांगितलं असतं, की वीटाही बरोबर आहे, तर? तुझा सगळा बेत फसला असता की!"

"ती भीती नव्हती, सर," चंदा सहज म्हणाली. "तुम्ही बोलणार नाही, याची मला खात्री होती."